गावच्या नाटकाचे छायाचित्र

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी जुन्या अल्बममध्ये गावच्या नाटकाचे एक तरी छायाचित्र असेल. जरीचा मुकुट, काजळाने कोरलेल्या मिशा, मागे राजवाड्याचा पडदा आणि नऊवारी नेसून मान किंचित कलती ठेवलेले एखादे आजोबा. ते पुन्हा काढून पाहा. बहुधा त्यात कोणी संवाद बोलत नाही. सगळे कॅमेऱ्याकडे पाहत स्तब्ध उभे आहेत.

याचे कारण प्रकाशात आहे. छायाचित्रणाची कला १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगवले आणि १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली. कॅमेरा आणि मराठी नाटक अशी जवळजवळ बरोबरीची. तरी रंगमंचावर त्यांची गाठ पडायला फार काळ लागला. नट हलतो, दिवे मंद असतात आणि जुन्या काचेला उजेड भरपूर लागे. म्हणून व्यावसायिक कंपन्यांचे नट वेश करून स्टुडिओत जाऊन बसत.

गावाला तीही सोय नव्हती. मांडवीकाठच्या आमोण्यासारख्या डिचोली महालातील गावांत नाटक म्हणजे देवस्थानच्या उत्सवाचा भाग, आणि तेही रात्रीचे. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर गोव्यातील हिंदू समाजाला मोकळा श्वास मिळाला. शाळा, वाचनालये यांच्या जोडीने हौशी नाटकानेही जोर धरला. पण बहुतेक खेड्यांत वीज पोहोचली ती १९६१च्या मुक्तीनंतर. तोवर रंगमंचावर गॅसबत्त्या टांगलेल्या असत. त्या उजेडात चित्र उमटायला सेकंदभर, कधी त्याहून अधिक वेळ लागे. तेवढ्यात तलवार उपसणाऱ्याचा हात धुरकट होऊन जाई. मॅग्नेशियमची भुकटी पेटवून लख्ख उजेड करता येई, पण कापडी पडदे आणि झावळ्यांचा मांडव यांच्याजवळ ती पेटवायला छाती हवी. पुढे फ्लॅशचे बल्ब आले. ते एकदाच पेटत आणि मग टाकून द्यावे लागत. घरगुती कॅमेऱ्याच्या रोळावर चित्रे निघत बारा. तेव्हा छायाचित्रकार सरळ मार्ग धरी: पडदा उघडण्याआधी किंवा नाटक संपल्यावर सगळ्यांना ओळीत उभे करी.

म्हणून या छायाचित्रांतून प्रयोग कसा रंगला हे फारसे कळत नाही. माणसे मात्र कळतात. मुकुट कोणता, शालू कोणाच्या घरून मागून आणलेला, पायांत वहाणा आहेत की पाय अनवाणी, पडदा किती वेळा शिवलेला, हे सारे त्यात टिपलेले असते. आणि कोण नाही, हेही दिसते. विंगेतून पुस्तक हाती घेऊन वाक्ये पुरवणारा, पायपेटीवाला, तबलजी, रंग लावणारा, पडदा ओढणारा हे बहुधा चौकटीबाहेर राहिले. पुढे स्त्रीभूमिकांसाठी बाहेरून नट्या येऊ लागल्या. त्यांचा चेहरा मध्यभागी आहे. पण घरात विचाराल तर आजोबांचे नाव सगळे सांगतील, तिचे कोणालाच सांगता येणार नाही.

इथे हानी होते आहे, आणि ती चालूच आहे. आपल्याकडचा पावसाळा अल्बमला मानवत नाही. फ्रेमच्या काचेला चित्र चिकटते, बुरशी चढते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील रंगीत प्रती तांबूस पडत चालल्या आहेत. त्यामानाने जुनी कृष्णधवल चित्रेच टिकून आहेत. तरीही कागदाआधी आठवण जाते. मुकुटाखालचा चेहरा ओळखणारे शेवटचे माणूस गेले की उरतो तो कोणीतरी एक राजा.

तेव्हा एवढे करा. चिकट पानांच्या अल्बममधून चित्र हलक्या हाताने सुटत असेल तर सोडवा, ओढू नका. मागच्या बाजूला, कडेला, मऊ शिसपेन्सिलीने लिहा: नाटक, भूमिका, नटाचे नाव, वाडा, उत्सव, साल. बॉलपेन वापरू नका. त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. साल पक्के नसेल तर ‘अंदाजे’ असे लिहा. घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारा. पायपेटीवर कोण होते, तबल्यावर कोण, आणि ती नटी कुठल्या गावची, हेही विचारा. ती नावे छायाचित्राच्या पाठीवरच राहू शकतात. नाटकाच्या जाहिरातीत त्यांना क्वचितच जागा मिळाली होती.