पायाचा काच आणि रातांब्याचे मुठेल

कातडे, दोर किंवा रबर अंगाच्या एकाच जागी पुन्हापुन्हा घासले की तिथे काच पडतो. बैलाच्या मानेला जू काचते, पाणी वाहणाऱ्याच्या खांद्याला कावड काचते, तसा माणसाच्या पायाला वहाणेचा पट्टा. बोलण्यात त्याला वहाण चावली किंवा लागली असेही म्हणतात. काच सगळीकडे सारखा पडत नाही. तळव्याची आणि टाचेची कातडी जाड असते. तिथे वरचा थर जागेवर राहतो, आतला सरकतो, मधल्या पोकळीत पाणी भरते आणि फोड येतो. घोट्याजवळची आणि पावलाच्या वरच्या बाजूची कातडी पातळ असल्याने तिथे फोड येण्याआधीच सालपट निघते. घासणे हळूहळू आणि अनेक वर्षे चालले तर मात्र कातडी हार मानत नाही. ती घट्ट होते आणि घट्टा पडतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील लांजा तालुक्यात या दुखण्याला मोठा इतिहास आहे, कारण हा चालणाऱ्यांचा मुलूख होता. तालुक्याला समुद्रकिनारा नाही. पश्चिमेला बंदरे, पूर्वेला सह्याद्री आणि मधे हा चढउतारांचा, कातळाचा आणि पऱ्ह्यांचा, म्हणजे ओढ्यांचा, पट्टा. माचाळच्या डोंगरात उगम पावणारी मुचकुंदी नदी तालुक्यातून वाहत जाऊन पूर्णगडाजवळ समुद्राला मिळते. तिच्या काठच्या साटवलीला जुन्या कोटाचे अवशेष आहेत, आणि वर विशाळगडाच्या पायथ्याकडे असलेल्या प्रभानवल्लीच्या नावाने मराठेशाहीत प्रभावळीचा सुभा ओळखला जात असे. बंदराकडचे मीठ, मासळी आणि नारळ घाटावर आणि घाटावरचे धान्य खाली येण्याच्या वाटा अशाच गावांमधून जात. बैलांच्या पाठीवर आणि माणसांच्या डोक्यावर माल वाहिला जाई. मुंबईला निघालेला चाकरमानीही आधी रत्नागिरी किंवा राजापूरच्या बाजूचे बंदर चालत गाठी, मग बोटीत बसे. माचाळसारख्या गावाला तर अगदी अलीकडेपर्यंत गाडीरस्ता नव्हता. आजारी माणूस डोलीतून खाली यायचा आणि डोली वाहणाऱ्यांना उतरणीवरून पाय रोवत चालावे लागायचे.

वर्षातले चार महिने या चालण्यात वहाणेला जागा नव्हती. इथे पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर पडतो. कातडी वहाण भिजली की फुगते, पट्टे लांबतात, टाके सुटतात आणि ती वाळली की लाकडासारखी कडक होते. म्हणून पऱ्ह्या ओलांडताना वहाणा हातात घेण्याची रीत होती, आणि लावणीच्या दिवसांत त्या घरातच टांगलेल्या असत. अनवाणी पायाला वहाणेचा काच नसला तरी पाण्याचा त्रास चुकत नसे. दिवसभर चिखलात उभे राहून बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडे, सोलवटे आणि आग करू लागे. यालाच चिखल्या म्हणतात. त्यावर मेंदीचा पाला वाटून लावत. पावसाळा सरल्यावर टाचांना भेगा पडत, आणि त्याच भेगाळलेल्या पायांवर पुन्हा कडक झालेली वहाण चढे. काच पडण्याचा खरा हंगाम हाच. कोकणातले वारकरी भाताच्या लावणीमुळे आषाढीपेक्षा कार्तिकीच्या वारीला अधिक संख्येने निघत आले. म्हणजे त्यांचा लांबचा पायी प्रवासही नेमका याच दिवसांत येई.

वहाण चामड्याची होती तोवर काचावरचा पहिला उपाय पायावर नव्हे, तर वहाणेवरच केला जाई. गावचा चांभार मापाला पाय ठेवायला लावून वहाण शिवी. घाटावर कोल्हापूरच्या बाजूला बाभळीची साल आणि हिरडा यांनी कातडे कमवत. असे वनस्पतींच्या सालींनी कमावलेले कातडे टिकाऊ असते, पण नवेपणी ताठ असते. नवी वहाण घरी आली की तिला तेल पाजत. एरंडेल, करंजेल किंवा घरात जे असेल ते तेल पट्ट्यांना आणि अंगठ्याला चोळून वहाण रात्रभर ठेवायची, दुसऱ्या दिवशी थोडा वेळच पायात घालायची, पुन्हा तेल द्यायचे. आठ-दहा दिवसांत कातडे पायाचा आकार घेई. ‘तेल पाजणे’ हा शब्दप्रयोग अगदी नेमका आहे, कारण कमावलेले कातडे तेल खरोखरच पिते. तंतूंच्या मधे तेल शिरले की ते एकमेकांवरून सहज सरकतात आणि पट्टा वाकतो. ज्याला चांगला चांभार आणि थोडा धीर लाभला, त्याचा पाय सहसा सुटत असे.

मात्र भेगा, चिखल्या आणि सोलवटलेल्या टाचा यांवर पायालाच काही लावणे भाग होते. लांजा, राजापूर आणि संगमेश्वरच्या घरांत त्यासाठी जे असे ते मुठेल. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, बियांतून निघणारे हे घट्ट तेल. शहरात त्याला कोकमतेल आणि गोव्यात भिरंडेल म्हणतात. रातांबे एप्रिल-मे महिन्यांत पिकतात. पाऊस पडण्यापूर्वी फळे फोडून सालींची आमसुले करायची, रसाचे आगळ करायचे, आणि मागे राहिलेल्या बिया राख किंवा माती लावून उन्हात खडखडीत वाळवायच्या. बियांमध्ये साधारण पाव हिस्सा चरबी असते, पण ती सहज हाती येत नाही. बिया फोडून टरफले पाखडायची, आतला गर व्हायनात, म्हणजे उखळात, मुसळाने कुटायचा, थोड्या पाण्याबरोबर वाटायचा आणि मोठ्या भांड्यात पाणी घालून उकळायचा. तेल वर तरंगते. ते गार झाले की पांढरट, किंचित करड्या रंगाची साय धरते. ती काढून पुन्हा वितळवायची, फडक्याने गाळायची, आणि अर्धवट थिजत आली की मुठीत दाबून गोळे करायचे. मुठीत वळलेले तेल म्हणून मुठेल. गोळ्यांवर बोटांचे ठसे उमटलेले असत.

हे सगळे काम बायकांचे होते. बरेच कष्टाचे, थोडक्या मिळकतीचे, आणि घरात कुणाची टाच फुटेपर्यंत कुणाच्या ध्यानातही न येणारे. मुठेलाचा गोळा शिंकाळ्यातल्या किंवा फळीवरच्या डब्यात वर्षभर राहतो, लवकर खवट होत नाही. भातावर तुपाच्या जागी ते वितळवून घेत. पायाला लावायचे तेव्हा पाय कोमट पाण्याने धुऊन, भेगांतली माती काढून पुसायचे, गोळ्याचा तुकडा पळीत घेऊन दिव्याच्या ज्योतीवर धरायचा आणि वितळलेला थेंब भेगेत सोडायचा. सोसवेल इतकाच गरम हवा. थेंब भेगेत शिरतो आणि तिथेच थिजतो.

मुठेलाचे मर्म या थिजण्यात आहे. खोबरेल २५ अंशांच्या आसपासच पातळ होते, म्हणून कोकणच्या हवेत ते बहुतेक महिने वाहते राहते आणि पाण्याने निघून जाते. मुठेल वितळायला सुमारे ४० अंश लागतात. माणसाच्या कातडीचे तापमान त्याहून कमी असते. त्यामुळे चोळताना ते नरम होते, पण पायावर मेणासारखा थर धरून राहते. शेतातले पाणी, घाम आणि दव यांत टिकणारा थर मिळाला की पट्टा कातडीला घासण्याऐवजी त्या थरावरून सरकतो. शरीररचनेचे पुस्तक न वाचता गावाने हे ओळखले होते, आणि या ओळखीला शास्त्र म्हणायला काहीच हरकत नाही.

रातांब्याची लेखी नोंद जुनी आहे. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात या फळाचे वर्णन केले. एकोणिसाव्या शतकात तेलाकडेही लक्ष गेले. १८६८ च्या हिंदुस्थानच्या औषधिकोशात ते आले, आणि फ्लुकिगर व हॅनबरी यांनी १८७४ साली प्रसिद्ध केलेल्या औषधी द्रव्यांच्या ग्रंथात बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळून तेल काढण्याची पद्धत दिली. ती लांज्याच्या घरातल्या पद्धतीहून वेगळी नाही. योगायोग असा की १८७२ सालीच अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो याने खनिज तेलापासून काढलेल्या व्हॅसलीनचे पेटंट घेतले होते. पुढे तीच डबी जगभर गेली आणि कोकणातल्या घरांतही पोचली. औषधिकोशात स्थान मिळूनही मुठेल घरगुतीच राहिले, कारण त्यामागे कारखाना नव्हता.

विसाव्या शतकात पायातली वस्तूच बदलली. आधी टायरच्या चपला आल्या, मग रबरी हवाई चपला, मग शेतात गमबूट. भिजणाऱ्या मुलखाला रबर फार सोयीचे पडले, आणि पावसाळ्यातले अनवाणीपण त्यानेच कमी केले. पण रबर तेल पीत नाही. आठ दिवस घालून ते पायाचा आकार घेत नाही, आणि ओल्या कातडीला ते सुक्या कातडीपेक्षा जास्त धरते. पाण्यात मऊ पडलेली कातडी आणि न सरकणारे रबर यांची गाठ पडली की अंगठ्याच्या बेचक्यात काच ठरलेलाच. हवाई चप्पल घातलेल्या कोणत्याही मुलाचा पाय पाहिला तर तिथे ती खूण दिसते. इथे जुनी रीत उलटी झाली. वहाणेला तेल पाजण्याचे दिवस सरले आणि निगा पायाचीच घ्यावी लागली.

पाण्यातला काचही या मुलखाला अपरिचित नव्हता. मुचकुंदीच्या आणि पऱ्ह्यांच्या डोहांत मुले पोहायला शिकत ती पाठीला वाळका भोपळा, पांगाऱ्याचा हलका ओंडका किंवा पुढच्या काळात पत्र्याचा डबा बांधून. बांधलेला दोर ओला होऊन छातीला आणि काखेखाली काचे. पायांत काही घालून पोहण्याची कल्पना मात्र बाहेरची. अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिनने लहानपणी, अठराव्या शतकाच्या आरंभी, हातांसाठी लाकडी फळ्या आणि पायांसाठी तशाच सपाता करून पाहिल्या. फळ्यांनी मनगटे दमत, आणि सपातांनी त्याचे समाधान झाले नाही. पोहताना रेटा तळव्यापेक्षा पावलाच्या आतल्या बाजूने आणि घोट्याने दिला जातो, हे त्याच्या ध्यानात आले. पोहताना पायांत घालायच्या रबरी परांचे, म्हणजे फिन्सचे, पेटंट फ्रेंच नौदलातल्या लुई द कोर्लिए याने १९३३ साली घेतले, आणि ओवेन चर्चिल या अमेरिकन नौकापटूने १९४० पासून ते विकायला आणले. दुसऱ्या महायुद्धात ते सैनिकी पाणबुड्यांच्या पायांत गेले आणि युद्धानंतर हौशी पोहणाऱ्यांच्या. आज लांज्याच्या दक्षिणेला मालवण-तारकर्लीच्या समुद्रात पर्यटक आणि त्यांना पाण्याखाली नेणारी स्थानिक मुले ते रोज घालतात.

फिन्सचा काच म्हणजे हवाई चपलेचाच काच, फक्त कितीतरी वाढलेला. पाय पूर्ण भिजलेला, लांब पात्यामुळे प्रत्येक लाथेला घोट्यावर ताण आणि वर खारे पाणी. बुटासारखे पाय आत घालायचे फिन्स टाचेच्या मागे आणि अंगठ्याच्या सांध्यावर लागतात, पट्ट्याचे फिन्स टाचेच्या शिरेवर. मापाची जागा दुसरा कोणताही उपाय घेऊ शकत नाही. सैल फिन सरकतो आणि सोलतो, घट्ट फिन रुततो आणि पेटके आणतो. माप ओल्या पायाने घ्यावे. पट्ट्याच्या फिन्सखाली निओप्रीनचे बूट, बुटासारख्या फिन्सखाली पातळ मोजे घालावेत, म्हणजे रबर मोज्यावर घासते. आत वाळू राहू देऊ नये, कारण वाळूचे चार कण सालपट काढायला पुरतात. नव्या जोडीने पहिल्याच दिवशी तासभर पोहू नये. तेल पाजलेली वहाण जशी थोडी थोडी पायात घेत, तसेच इथेही करावे.

लागणाऱ्या जागी आधीच स्निग्ध थर देणे हा लांब पल्ल्याच्या पोहणाऱ्यांचा जुना परिपाठ आहे. मॅथ्यू वेब १८७५ साली इंग्लिश खाडी पोहून गेला तेव्हा त्याच्या अंगाला समुद्री प्राण्याची चरबी चोळलेली होती. फिन्सच्या बाबतीत एक पथ्य आहे. व्हॅसलीनने नैसर्गिक रबर फुगते आणि कमजोर होते, आणि वनस्पतींची तेलेही त्याला मानवत नाहीत. म्हणून मुठेल लावायचे तर बोटावर येईल इतकेच घ्यावे, कातडीत मुरेपर्यंत चोळावे, वर मोजा घालावा, आणि पाण्यातून आल्यावर फिन्स साबणाने धुऊन सावलीत वाळवावेत. कातडी फाटलेली असेल तर तेल लावून पुन्हा पाण्यात उतरू नये. जखम गोड्या पाण्याने धुऊन कोरडी ठेवावी.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आमसूल आणि आगळाला त्यामुळे नाव मिळाले, पण अनेक अंगणांत रातांबे फोडून झाल्यावर बिया उकिरड्यावरच जातात, कारण कुटायला कुणाला सवड नाही. ज्यांच्या घरी अजून व्हाईन आहे आणि मुठेल वळणारा हात आहे, त्यांनी येत्या मे महिन्यात त्या बिया वाळवून ठेवाव्यात.