पाचवी सिंफनी आणि १०८ चा आकडा

आपल्या बडोद्यात गाण्याचा विषय निघाला की फैयाजखाँसाहेब आधी येतात, पण आज थोडं लांबचं सांगतो.

बीबीसी रेडिओवर १९५७ साली ‘रेकॉर्ड रिव्ह्यू’ सुरू झाला. त्यात एक जाणकार एकाच सिंफनीच्या निरनिराळ्या रेकॉर्डींचे तुकडे लागोपाठ ऐकवतो आणि शेवटी घरी ठेवण्याजोगी एक निवडतो. मी हल्ली इंटरनेटवर ऐकतो.

तुम्ही म्हणाल, स्वर तर सगळे छापलेले, मग तुलना कशाची? मुख्यतः लयीची! बेथोव्हेनची पाचवी सिंफनी १८०८ साली व्हिएन्नात प्रथम वाजली. १८१७ मध्ये त्याने स्वतः लयीचे आकडे जाहीर केले. पहिल्या भागाला मिनिटाला १०८ ठोके, म्हणजे चांगलीच द्रुत. पुढे पुष्कळांनी हा आकडा मानलाच नाही. कोणी म्हणे यंत्र बिघडलेलं, कोणी म्हणे माणूस बहिरा. अहो, पण मेट्रोनोमचा लोलक डोळ्यांनी दिसतो की! बहिऱ्याची साक्ष इतक्या सहज का फेटाळायची?

क्लेम्पररची पाचवी संथ, भारदस्त. टोस्कानिनी धावतो. कार्लोस क्लायबरची व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरची १९७४ ची रेकॉर्ड तर श्वास घेऊ देत नाही. १९८० च्या दशकात रॉजर नॉरिंग्टनने जुन्या पद्धतीची वाद्यं घेऊन ते आकडे मनावर घेतले, आणि ते वाजवता येतात हे कानांनी कळलं.

बँकेत जन्म गेल्यामुळे मी मूळ व्हाउचरच्या बाजूचा, म्हणजे १०८ च्या. सौ.ला मात्र क्लेम्पररच हवा असतो.