खांदेरीचें दीपगृह

माहूरगडासारखा गिरिदुर्ग पैनगंगेच्या खोऱ्यांतील वाटांवर नजर ठेवी. तीच कामगिरी समुद्रावर खांदेरीनें केली. थळच्या किनाऱ्यासमोर, मुंबई बंदराच्या दक्षिणेस, हें लहानसें खडकाळ बेट आहे. मुंबईस येणारीं-जाणारीं गलबतें येथून दृष्टीस पडत. म्हणूनच १६७९ सालीं शिवाजीमहाराजांनीं येथें किल्ला बांधावयास घेतला, आणि म्हणूनच मुंबईकर इंग्रज हवालदिल झाले.

ऑगस्टच्या अखेरीस मायनाक भंडारी दीडशें माणसें व चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला. इंग्रजांनीं जहाजांची नाकेबंदी केली. परंतु त्यांचीं मोठीं जहाजें वाऱ्याच्या स्वाधीन. मराठ्यांच्या होड्या वल्ह्यांच्या जोरावर उथळ पाण्यांतूनहि निसटत. काळोख्या रात्रीं धान्य, दारूगोळा व सामान बेटावर पोंचे, आणि तटाचें काम चालू राही. १८ ऑक्टोबरच्या पहांटे दौलतखानाच्या आरमारानें हल्ला चढविला. एक इंग्रजी जहाज मराठ्यांच्या हातीं लागलें; ‘रिव्हेंज’ तेवढें नेटानें झुंजलें. १६८० च्या आरंभीं सिद्दीनें शेजारची उंदेरी बळकावली. पण इंग्रजांनीं तह केला आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

ज्या बेटाला अंधारानें तारलें, त्याच बेटाच्या उंचवट्यावर इंग्रजी अमदानींत, १८६७ सालीं, अष्टकोनी दीपगृह उभें राहिलें. सुएझचा कालवा खुला होण्यास तेव्हां दोनच वर्षें उरलीं होतीं. मुंबईचा व्यापार वाढत होता, आणि पूर्वीं मराठी होड्यांना आसरा देणारे खडक आतां रात्रीच्या जहाजांस धोक्याचे ठरत होते.

दीपगृह उंचावर बांधण्याचें कारण साधें आहे. पृथ्वी गोल असल्यामुळें दिवा जितका उंच, तितका तो दुरून दिसतो. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञानें काढलेल्या कांचेच्या रचनेनें चोहोंकडे विखुरणारे किरण एकवटून क्षितिजाकडे वळवितां येतात. प्रत्येक दीपगृहाची उघडझांप निराळी असते. तीवरून खलाशी ठिकाण ओळखतो.

१९९८ सालीं बेटास कान्होजी आंग्रे यांचें नांव देण्यांत आलें. २०२५ सालीं हा किल्ला जागतिक वारशाच्या यादींत गेला. कोळी बांधव मात्र येथल्या वेताळाला पूर्वींपासून भजत आले आहेत. दीपगृह इंग्रजांनीं बांधलें खरें; पण ज्या तटांच्या आंत तें उभें आहे, ते तट त्यांच्या तोफांना न जुमानतां बांधले गेले, हें विसरून चालणार नाहीं.