मॉरिशसची प्रदक्षिणा

मॉरिशस बेट स्वतः गाडी चालवून फिरायचं असेल तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरावं, असं माझं मत झालं आहे. कारण अगदी साधं आहे. तिथे आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक आहे. त्यामुळे या दिशेने गेलं की समुद्र सतत डाव्या हाताला येतो आणि चालकाच्या शेजारी बसलेल्या माझ्यासारख्या म्हातारीला तो आरामात बघता येतो. उजव्या हाताला बेटाचा मधला डोंगराळ भाग राहतो. देवळात देव उजव्या हाताला ठेवून फिरतो, तशी ही प्रदक्षिणाच म्हणा ना!

येत्या गणपतीत धाकटा मुलगा, सूनबाई, नात आणि मी असे चौघं जाणार आहोत. गाडी भाड्याची, चालवणार मुलगा. बेट उत्तर-दक्षिण साधारण 65 किलोमीटर आणि रुंदीला 45, म्हणजे आपलं पुणे ते लोणावळा एवढी त्याची लांबी. मुलगा म्हणाला, "आई, दोन दिवसांत होईल सगळं." मी म्हटलं, चार दिवस हवेत. किनाऱ्याचा रस्ता अरुंद, गावागावांतून जाणारा, बऱ्याच ठिकाणी पायवाट नाही. दोन्ही बाजूंना ऊस उभा असला की वळणापलीकडचं दिसत नाही, आणि हिवाळ्याअखेरीस तिथे संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधारात त्या रस्त्यांवर गाडी घालायची नाही, हे घरात ठरलेलं आहे.

चार दिवसांचं खरं कारण मात्र वेगळं आहे. इतिहास शिकवण्यात उभा जन्म गेला. त्यामुळे कुठल्याही रस्त्यावर निघायचं म्हटलं की हा रस्ता कोणी बांधला, हे विचारल्याशिवाय राहवत नाही. आणि मॉरिशसच्या बाबतीत त्याचं उत्तर आपल्या दारापाशी येऊन थांबतं.

1810 साली इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून घेतलं. तिथला गव्हर्नर रॉबर्ट फर्कार याला रस्ते हवे होते आणि मजूर कमी होते. त्याने हिंदुस्थानातले कैदी मागवले. 1815 पासून 1837 पर्यंत बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून पंधराशेच्या आसपास कैदी काळ्या पाण्यावर मॉरिशसला पाठवले गेले. (अंदमान म्हणजे काळं पाणी हे समीकरण 1857 नंतरचं. त्याआधी ही शिक्षा वेगवेगळ्या बेटांवर भोगावी लागे.) क्लेअर अँडरसन या इंग्रज संशोधक बाईंनी या कैद्यांवर एक सबंध पुस्तक लिहिलं आहे. दगड फोडायचे, खडी पसरायची, पूल बांधायचे, ही त्यांची कामं. दगडाला तिथे तोटा नाही. सगळं बेटच ज्वालामुखीचं, आपल्या सह्याद्रीसारखाच काळा कातळ.

1836 च्या एप्रिलअखेर चार्ल्स डार्विन बीगल जहाजातून तिथे उतरला. त्याने हे कैदी पाहिले, आणि त्या वेळी ते आठशेच्या आसपास असल्याची नोंद केली. पांढऱ्या शुभ्र दाढीमिशांचे, तेजस्वी डोळ्यांचे ते म्हातारे पाहून तो चकित झाला होता. हिंदुस्थानची माणसं इतकी रुबाबदार असतील अशी त्याची कल्पना नव्हती. बरेचसे खून आणि तसल्याच गंभीर गुन्ह्यांसाठी आलेले, पण काही जण आपल्या श्रद्धेपायी इंग्रजांचा कायदा न पाळल्याबद्दल आलेले, असंही तो लिहितो. त्याच प्रकरणात तो बेटाच्या भरभराटीचं एक मोठं कारण उत्तम रस्ते हे सांगतो. आता मुंबई इलाख्यातून गेलेल्यांत मराठी बोलणारे कितीजण असतील, याचा विचार तुम्हीच करा. 1818 ला पेशवाई बुडाली, त्याच्या पाठोपाठचीच ही वर्षं आहेत.

तर प्रवास. विमानतळ आग्नेय टोकाला आहे, आणि योगायोग असा की बेटाचा इतिहासही तिथूनच सुरू होतो. 1598 मध्ये डच त्याच बाजूला उतरले, आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव बेटाला देऊन गेले, पुढे 1638 ला वस्ती केली आणि 1710 ला सोडून दिली. तेवढ्यात डोडो पक्षी संपला. विमानतळाच्या अगदी जवळ मार ओ साँज नावाची दलदल आहे. 1865 साली तिथे डोडोची हाडं सापडली, आणि शोधून काढणारे जॉर्ज क्लार्क हे माएबूर गावातले शाळामास्तर! (आमच्या पेशाला कोणी नावं ठेवू नयेत ती यासाठी.) अर्थात चिखलात उतरून अनवाणी पायांनी हाडं चाचपडली ती मजुरांनी. त्यांची नावं कुठे आली नाहीत.

माएबूरच्या संग्रहालयाला अर्धा दिवस ठेवला आहे. 1810 च्या ऑगस्टमध्ये समोरच्या समुद्रात इंग्रज-फ्रेंच लढाई झाली, फ्रेंच जिंकले, आणि दोन्हीकडच्या जखमी सेनानींवर याच वाड्यात उपचार झाले. गावाचं नाव ज्याच्यावरून पडलं तो माए द ला बूर्दोने म्हणजे 1746 साली मद्रास जिंकणारा फ्रेंच गव्हर्नर. आपण तो कर्नाटकच्या युद्धात शिकतो आणि तिथेच सोडून देतो.

दुसरा दिवस दक्षिण किनारा. सुयाक, बेल ओंब्र, आणि तिथून पुढे समुद्राला अगदी खेटून जाणारा रस्ता ल मॉर्नपर्यंत. हा 556 मीटर उंचीचा सुळका समुद्रात घुसलेला आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या कपारींत लपून राहत. अशी कथा सांगतात की 1835 मध्ये गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई वर चढले, आणि आपल्याला पकडायला आले असं वाटून वरच्या लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या. कथा खरी की खोटी, हा वाद मला गौण वाटतो. सुटकेची बातमी आणणाऱ्याच्या अंगावर पोलिसाचा गणवेश असेल तर दुसरं काय होणार? नुकसानभरपाई मालकांना मिळाली, 20 लाख पौंडांहून जास्त. गुलामांच्या वाट्याला आणखी चार वर्षं सक्तीची उमेदवारी आली.

गुलाम गेले तशी उसाला माणसं हवी झाली. 2 नोव्हेंबर 1834 ला 'अ‍ॅटलस' जहाजातून कलकत्त्याहून 36 मजूर पोर्ट लुईला उतरले. त्यानंतरच्या सुमारे 75-80 वर्षांत साडेचार लाखांवर माणसं गेली. बहुतेक बिहार आणि उत्तरेकडची, पुष्कळ तामीळ-तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले रत्नागिरीकडचे लोक. रस्त्याने जाताना उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठमोठे ढिगारे दिसतात. हे या मजुरांनी शेत मोकळं करताना वेचून रचलेले दगड. नातीला सांगून ठेवलं आहे की तिने ते मोजायचे.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ती सांगते. 1867 साली तिथे कायदा झाला. करार संपलेल्या मजुरानेसुद्धा स्वतःचा फोटो लावलेला परवाना सतत जवळ बाळगायचा आणि पोलिसांकडून आपल्या जिल्ह्याचा पास घ्यायचा. त्याशिवाय दुसऱ्या जिल्ह्यात सापडला तर भटक्या म्हणून अटक. बेटावर जिल्हे नऊ. आमच्या चार दिवसांच्या फेरीत त्यांतले सात तरी आम्ही ओलांडणार, कधी ओलांडले ते कळणारही नाही. ज्यांच्या हातांनी हे रस्ते झाले आणि ज्यांच्या उसाने ते वाहते राहिले, त्यांना मात्र ही फेरी मारता येत नव्हती. मेलेल्या नातेवाइकाच्या घरी जाताना पास नसला तरी कैद. 1871 मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ या गोऱ्या मळेवाल्याने मजुरांच्या वतीने अर्ज लिहिला. त्याखाली 9,401 जणांच्या सह्या होत्या. इतर मळेवाले त्याच्यावर खवळले, पण विलायतेहून चौकशी आयोग आला आणि 1875 मध्ये अहवाल निघाला. आमच्या अभ्यासक्रमात या माणसाला एक ओळ मिळाली नाही, याचं मला वाईट वाटतं.

तिसऱ्या दिवशी ब्लॅक रिव्हर जिल्हा. इथे कास्काव्हेल आणि आसपासच्या गावांत मराठी वस्ती आहे. कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' नावाने टिकून राहिली आहे. घरातली बोली क्रिओल झाली तरी गाणी राहिली. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी असते आणि विसर्जनाला लोक समुद्रावर येतात. त्या दिवशी पश्चिम किनाऱ्याच्या रस्त्यावर गर्दी होणार, म्हणून दुपारनंतर गाडी एका जागी लावून ठेवायची. विसर्जन पायी बघायचं. तिथून पोर्ट लुई, आप्रवासी घाट. 1849 मध्ये बांधलेल्या त्या आगारातल्या 16 दगडी पायऱ्या चढून माणसं बेटावर येत. 2006 पासून ते जागतिक वारसास्थळ आहे.

चौथ्या दिवशी उत्तरेला पाँपलमूसची बाग, मग काप माल्योरो. नोव्हेंबर 1810 मध्ये इंग्रजी फौज इथे उतरली. तिच्यात हिंदी शिपाईही होते. तिथून पूर्वेच्या फ्लाकमार्गे परत विमानतळ. हा भाग मुलाने भराभर उरकायचं ठरवलं आहे, आणि माझी हरकत नाही.

भांडण उरलं आहे ते मोकाचं. तिथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या आगमनाच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत, परवान्यांवरच्या फोटोंसकट, आणि स्थलांतरितांचं एक संग्रहालयही आहे. मोका बेटाच्या आतल्या बाजूला, म्हणजे प्रदक्षिणेच्या वाटेबाहेर. मुलगा म्हणतो, अर्धा दिवस जाईल. जाऊ दे. चतुर्थीच्या सुट्टीला असली ठिकाणं उघडी असतील यावर विसंबून चालणार नाही, म्हणून मोका आदल्या दिवशी ठेवायचं आणि ल मॉर्नहून सकाळी लवकर निघायचं, असं मी नकाशावर पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे.