जव्हार-मोखाडा परिसरातील प्रारंभिक वाचन-लेखन अध्यापन : ध्वनी, अक्षर आणि बोली यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे तालुके सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर वसलेले असून २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे नऊ दशांश आहे. वारली, कोकणा, कोळी महादेव, ठाकूर, कातकरी या येथील प्रमुख जमाती होत. जव्हार हे कोळी मुकणे घराण्याचे संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. या दोन घटनांच्या दरम्यान पाड्यापाड्यांवर शाळा, आश्रमशाळा आणि अंगणवाड्या पोहोचल्या. शाळा गावात आली; परंतु शाळेत आलेले मूल वाचू लागले काय, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

पहिलीच्या वर्गातील मूल फळ्यावरील बाराखडी खड्या आवाजात म्हणते, पण तीच अक्षरे एखाद्या अपरिचित शब्दात समोर आली की अडखळते, हा अनुभव आदिवासी भागातील शिक्षकांना नवा नाही. याचे खापर बहुधा मुलाच्या बुद्धीवर, पालकांच्या उदासीनतेवर किंवा स्थलांतरावर फोडले जाते. अध्यापन पद्धतीच्या इतिहासाकडे पाहिल्यास मात्र या समस्येची आणखी एक बाजू समोर येते. प्रस्तुत निबंधात तिचाच विचार केला आहे.

उद्दिष्टे :

१. मराठी वाचनारंभाच्या पारंपरिक पद्धतीचे स्वरूप तपासणे.
२. ठाणे-पालघर परिसरातील बालशिक्षणाच्या प्रयोगांचा आढावा घेणे.
३. ध्वनी-अक्षर संबंधावर आधारित अध्यापनात मुलाच्या बोलीचे स्थान निश्चित करणे.

पारंपरिक पद्धत आणि देवनागरीचे स्वरूप :

मराठी मुलखात धूळपाटीवर अक्षर गिरवून ते मोठ्याने म्हणायचे, नंतर बाराखडी आणि उजळणी पाठ करायची, अशी अध्ययनाची दीर्घ परंपरा होती. छापील क्रमिक पुस्तके आल्यावरही हा क्रम फारसा बदलला नाही. प्रथम मुळाक्षरे, मग बाराखडी, त्यानंतर जोडाक्षरे आणि शेवटी अर्थपूर्ण मजकूर, अशी ही उतरंड होती.

इंग्रजीत अक्षराचे नाव आणि त्याचा ध्वनी भिन्न असतात. त्यामुळे तेथे ध्वनिपद्धतीचा स्वतंत्र आग्रह धरावा लागला. देवनागरीत ‘क’ या अक्षराचे नाव आणि त्याचा उच्चार एकच आहे. यावरून आपली पारंपरिक पद्धत मुळातच ध्वनिपद्धती आहे, असा समज रूढ झाला. हा समज अर्धाच खरा आहे. ‘क’ म्हणजे केवळ एक ध्वनी नव्हे. त्यात व्यंजन आणि ‘अ’ हा स्वर एकत्र नांदतात. ‘की’ लिहिताना त्यातील ‘अ’ जातो व ‘ई’ येते. ‘कि’ मधील वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण लिहिताना आधी येते. ‘कमळ’ लिहिताना तीन अक्षरे लागतात, परंतु बोलताना शेवटचा ‘अ’ ऐकू येत नाही. ‘जग’ हा शब्द ‘दुनिया’ या अर्थी एक प्रकारे आणि ‘जिवंत राहा’ या अर्थी दुसऱ्या प्रकारे उच्चारला जातो. लिपीत मात्र हा भेद दिसत नाही.

बाराखडीच्या पाठांतराने मुलाला ‘का, कि, की’ ही मालिका लयीत म्हणता येते. पण ध्वनींची फोड आणि जोड करण्याचे कौशल्य त्यातून आपोआप येत नाही. भारतीय लिपींमध्ये चिन्हांची संख्या मोठी असल्याने त्यांवर प्रभुत्व मिळण्यास अनेक वर्षे लागतात, हे सोनाली नाग यांनी कन्नड वाचनावरील आपल्या २००७ मधील संशोधनात दाखवून दिले आहे. देवनागरीची रचनाही त्याच धर्तीची असल्याने हा निष्कर्ष मराठीच्या संदर्भात उपयुक्त ठरतो.

बोर्डी ते कोसबाड : एक वेगळी सुरुवात :

या परिसरात पारंपरिक पद्धतीला पहिला महत्त्वाचा पर्याय मिळाला तो जव्हारच्या पश्चिमेस असलेल्या डहाणू तालुक्यात. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०-१९९२) त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि त्याचा आदिवासी मुलांशी थेट संबंध आला.

१९४५ हे वर्ष आणखी एका कारणासाठी लक्षणीय आहे. याच वर्षी गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उंबरगाव-डहाणू पट्ट्यात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा उभा राहिला. सावकार आणि जमीनदार यांच्या कागदावर अंगठा उठविणाऱ्या माणसाला त्या कागदावर काय लिहिले आहे हे वाचता येत नव्हते. अक्षरज्ञान हा या भागात केवळ शैक्षणिक प्रश्न कधीच नव्हता.

मॉन्टेसरी पद्धतीत मूल खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवीत त्याचा ध्वनी उच्चारते. डोळा, बोट आणि कान यांना एकाच वेळी काम मिळते. ताराबाईंनी या पद्धतीचे तत्त्व घेतले, पण महागडी साधने नाकारली. खडे, बिया, पाने, शंख-शिंपले ही परिसरातील साधने त्यांच्या जागी आली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, या विचारातून पाड्यातील अंगणात भरणारी अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निर्माण झाली. गाणी, गोष्टी, गप्पा आणि निरीक्षण यांना अक्षरांपूर्वीचे स्थान मिळाले. म्हणजेच मुलाच्या तोंडी असलेली भाषा आधी वर्गात आली आणि चिन्हे नंतर. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने कोसबाडचे सर्वांत मोठे योगदान हेच होय.

योजनेचा विस्तार आणि आशयाचा संकोच :

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. योजनेत पूर्वप्राथमिक शिक्षणाचा समावेश होता. तथापि आहार, लसीकरण आणि वजनाच्या नोंदी या कामांचा भार मोठा होता. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील कुपोषणग्रस्त बालकांच्या मृत्यूंनी राज्य हादरले. त्यानंतर येथे पोषणाला अग्रक्रम मिळणे अपरिहार्य होते. परंतु त्यामुळे अंगणवाडीतील भाषाविकासाचे कार्य दुय्यम ठरले, असे म्हणावे लागते. शब्द टिकला, त्यामागील बालशिक्षणाचा आशय मात्र क्षीण झाला.

यात स्थलांतराची भर पडली. भातकापणी आटोपल्यावर येथील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व अन्य कामांवर भिवंडी, वसई, कल्याणकडे जातात. दिवाळीपर्यंत कशीबशी ओळखीची झालेली अक्षरे पावसाळ्यापर्यंत पुसली जातात. चिन्हांची दीर्घ मालिका क्रमाने पूर्ण झाल्याशिवाय शब्द वाचायला न देणारी पद्धत अशा मुलाला सर्वाधिक जाचक ठरते. कारण त्याच्या हाती अर्थपूर्ण वाचन येण्यापूर्वीच वर्ष संपते.

अक्षरगटांची पद्धत आणि वाड्यातील अभ्यास :

या अडचणीवर उपाय सातारा जिल्ह्यातील फलटण येथे शोधला गेला. डॉ. मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने तेथे अक्षरांच्या लहान गटांवर आधारित वाचनपद्धती विकसित केली. मोजकी अक्षरे व स्वरचिन्हे एकत्र शिकवून त्यांपासून लगेच अर्थपूर्ण शब्द तयार करणे, हे तिचे सूत्र होय. येथे ध्वनी-चिन्ह संबंध पद्धतशीरपणे शिकविला जातो. पण अर्थासाठी मुलाला वर्षभर ताटकळावे लागत नाही.

पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातील सोनाळे येथून नीलेश निमकर यांच्या ‘क्वेस्ट’ या संस्थेने २००७ पासून प्रारंभिक साक्षरतेचे काम हाती घेतले. वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथील मुलांच्या वाचन-लेखनाचा तीन वर्षांचा अभ्यास शैलजा मेनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्याचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसरीपर्यंत पोहोचलेल्या अनेक मुलांना मात्रायुक्त आणि जोडाक्षरी शब्द वाचताना अडचण येते, तसेच अर्थग्रहण व स्वतंत्र लेखन यांना वर्गात पुरेसे स्थान मिळत नाही, हे त्यातून पुढे आले.

ध्वनी कोणाचे? :

ध्वनी-अक्षर पद्धतीचे एक गृहीतक असते : जो शब्द वाचायचा तो मुलाला ऐकून ठाऊक आहे. जव्हार-मोखाड्यात हेच गृहीतक डळमळते. ग्रियर्सन यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात वारलीचा विचार मराठीअंतर्गत केला. जनगणनेच्या भाषाविषयक कोष्टकांत मात्र वारली व कोकणा या भिली-भिलोडी गटात दाखविल्या जातात. वर्गीकरणाचा हा वाद अभ्यासकांवर सोडला तरी, घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा यांत अंतर आहे, हे त्यावरून स्पष्ट होते.

एक साधे उदाहरण घेता येईल. ज्या धान्याला पुस्तकी मराठीत ‘नाचणी’ म्हणतात त्याला या डोंगरात ‘नागली’ म्हणतात. कणसाचे चित्र आणि ‘ना’ हे अक्षर पाहून मुलाने ‘नागली’ असे वाचले, तर त्याने ध्वनी ओळखला आणि अर्थही ओळखला. शिक्षकाने ते चूक ठरविले तर मुलाचा अक्षरावरील विश्वास उडेल. उलट ‘नागली’ हा शब्द आधी फळ्यावर आला आणि त्याशेजारी ‘नाचणी’ लिहिला, तर दोन्हींतील ‘ना’ सारखाच आहे, हे मुलाला स्वतःला दिसेल. अननसाचा ‘अ’ जे काम करू शकत नाही, ते येथे घरचे धान्य करते.

बोलीला स्थान दिल्यास मूल प्रमाण मराठीत मागे पडेल, असा आक्षेप घेतला जातो. पुढील परीक्षा प्रमाण मराठीतच होतात, हे लक्षात घेता तो उडवून लावण्यासारखा नाही. परंतु वाचनाची किल्ली एकदा हाती आली की तीच प्रमाण भाषेच्या शब्दांनाही लागू पडते. कारण लिपी दोन्हींची एकच असते. शिक्षणहक्क कायदा, २००९ मधील कलम २९ शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण देण्यास सांगते. कागदोपत्री मातृभाषा ‘मराठी’ नोंदवली की ही अट पूर्ण झाल्याचे समाधान मिळते. वर्गातील मुलाला मात्र ते मिळत नाही.

निष्कर्ष :

१. बाराखडीचे पाठांतर म्हणजे ध्वनिपद्धती नव्हे. ध्वनींची फोड व जोड स्वतंत्रपणे शिकवावी लागते.
२. अक्षरगटांची पद्धत स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना अधिक उपकारक ठरू शकते, कारण तीत अर्थपूर्ण वाचन लवकर सुरू होते.
३. अक्षरगटांसाठी निवडावयाचे शब्द परिसरातील बोलींतून आले पाहिजेत.
४. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीपर्यंत पायाभूत साक्षरतेचे लक्ष्य ठेवले आहे. या परिसरात ते गाठताना कोसबाडचा अनुभव वगळून चालणार नाही.

या कामात महाविद्यालयांनाही वाटा उचलता येईल. वारली, कोकणा, कातकरी बोलणारे विद्यार्थी आज महाविद्यालयांच्या वर्गांत बसतात. त्यांतील अनेकजण घरातील पहिलेच पदवीधर ठरणार आहेत. त्यांच्या मदतीने पाड्यापाड्यांवरील शब्दांचे संकलन करून ते पहिलीच्या शिक्षकापर्यंत पोहोचविता येईल. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. या विद्यार्थ्यांची बोली ही ज्ञानाची सामग्री आहे, हे अध्यापकांनी आधी मान्य करावे लागेल.