प्लेटलेट्सची खुर्ची

गेल्या शनिवारी वीकांताच्या झोपेवर पाणी सोडून भल्या सकाळी परळ गाठलं. आमच्या टीममधल्या एका मित्राची मुलगी सात महिन्यांची आहे आणि तिला ल्युकेमिया झालाय. रक्ताचा कॅन्सर. तिला प्लेटलेट्स हव्या होत्या. माझा रक्तगट जुळत होता आणि दंडातली शीर 'एकदम मस्त' आहे असं तिथल्या बाईंनी सर्टिफिकेट दिलं :-)

एका दंडात सुई. रक्त यंत्रात जातं, यंत्र ते गरागरा फिरवून पिवळसर प्लेटलेट्स वेगळ्या काढतं आणि बाकीचं रक्त परत आपल्या अंगात सोडतं. तास-दीड तास नुसतं पडून राहायचं. बाहेर बाकावर मुलीची आजी बसली होती. साताऱ्याकडची, हातात थर्मास. जाता जाता मला म्हणाली, "अजून अंगावर पितंय रे लेकरू. त्याला एवढी सगळी औषधं एकदम कशाला देत्यात, बाळा? एक चांगलंसं देऊन बघायचं ना."

मला उत्तर देता आलं नाही. प्रश्न मात्र एकदम बरोबर होता. आपणसुद्धा प्रॉडक्शनमध्ये बग आला की एका वेळी एकच गोष्ट बदलतो. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर बग कशाने गेला ते कळणार कसं? मग गेला आठवडाभर रात्री जागून वाचत होतो. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितोय.

गोष्ट सुरू होते तीही परळमध्येच. १९२८ साली लूसी विल्स नावाची ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आली. गिरणगावातल्या गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग व्हायचा, त्याचं कारण ती शोधत होती. तिचं काम हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये चालायचं. तिला आढळलं की मार्माइट, म्हणजे यीस्टपासून केलेलं ते काळं, खारट, ब्रेडला लावायचं प्रकरण, खायला दिलं की या बायकांचं रक्त सुधारतं. १९३१ मध्ये तिने हे छापलं. मार्माइटमधल्या त्या गुणकारी घटकाला पुढे फॉलिक अ‍ॅसिड हे नाव मिळालं. नवीन रक्तपेशी बनवायला ते लागतंच.

आता बॉस्टनला चला. तिथल्या लहान मुलांच्या हॉस्पिटलात सिडनी फार्बर हा पॅथॉलॉजिस्ट होता. म्हणजे पेशंट बघणारा डॉक्टर नव्हे, काचपट्ट्या आणि शवविच्छेदन करणारा. ल्युकेमियाची मुलं त्याच्याकडे बहुतेक शेवटीच यायची, कारण तेव्हा निदान झाल्यापासून मूल काही आठवडे, फार तर काही महिने जगायचं. फार्बरने आधी या मुलांना फॉलिक अ‍ॅसिडच्या जातकुळीतली औषधं देऊन पाहिली, आणि आजार उलट बळावल्यासारखा दिसला. दुसरा कोणी असता तर हात झटकून मोकळा झाला असता. फार्बरने उलटा विचार केला: फॉलिक अ‍ॅसिडने आग भडकत असेल तर त्याचा पुरवठाच तोडला तर?

तोडण्याचं हत्यार त्याला मिळालं ते यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या लेडर्ले कंपनीतल्या प्रयोगशाळेतून. आंध्रातल्या भीमवरमचा हा माणूस १९२३ साली अमेरिकेला गेला. त्याच्या हाताखालच्या चमूने फॉलिक अ‍ॅसिड कृत्रिमरीत्या बनवलं, आणि मग त्याच्यासारखीच दिसणारी पण काम न करणारी 'डुप्लिकेट चावी'सुद्धा बनवली. पेशी ती चावी कुलपात घालते, आणि चावी आत अडकून बसते. या औषधाचं नाव अमिनोप्टेरिन. याचाच धाकटा भाऊ मेथोट्रेक्सेट आजही रोज वापरात आहे.

१९४७ च्या डिसेंबरअखेरीस फार्बरने अमिनोप्टेरिन द्यायला सुरुवात केली. पहिल्या मुलांत दोन वर्षांचा एक मुलगा होता, घरी त्याचा जुळा भाऊ ठणठणीत. हा मात्र झोपून. औषधानंतर तो उठला, चालायला लागला. जून १९४८ मध्ये निबंध छापून आला: सोळा मुलांना औषध दिलं, दहांत सुधारणा दिसली. निबंधाच्या शीर्षकातच 'तात्पुरती' हा शब्द होता, आणि तो प्रामाणिक होता. आजार परत आला. तो मुलगाही त्याच वर्षी गेला. सुब्बाराव स्वतः १९४८ च्या ऑगस्टमध्ये गेले, पुढचं काही न बघता.

त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत एकेक नवीन औषध येत गेलं. स्टेरॉइड्स आली. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी सिक्स-एमपी बनवलं (दोघांना १९८८ मध्ये नोबेल). प्रत्येक वेळी तोच सिनेमा: मूल बरं होतं, घरी जातं, काही महिन्यांनी परत येतं. आजीचं 'एक चांगलंसं औषध देऊन बघायचं' हे जगाने तेव्हा खरोखरच करून पाहिलं होतं.

हे का होतं याचं उत्तर मला तरी सगळ्यात आवडलं, कारण ते निव्वळ गणित आहे. अलाबामातल्या हॉवर्ड स्किपरने ल्युकेमियाच्या उंदरांवर प्रयोग केले. त्याला दोन गोष्टी दिसल्या. एक, ल्युकेमियाची एकच जिवंत पेशी टोचली तरी उंदीर मरू शकतो. दुसरी, औषधाचा एक डोस ठराविक संख्येने पेशी मारत नाही, ठराविक टक्क्यांनी मारतो. निदानाच्या वेळी अंगात साधारण एकावर बारा शून्यं इतक्या वाईट पेशी असतात असं धरा. औषधाने ९९.९ टक्के मारल्या. वा! पण उरल्या किती? शंभर कोटी. सूक्ष्मदर्शकाखाली रक्त स्वच्छ दिसतं, मूल हसतं-खेळतं, आईबाप पेढे वाटतात, आणि आत शंभर कोटी शिल्लक असतात. म्हणून आजार 'दिसेनासा' झाल्यावरही मारा थांबवायचा नाही, तो पुढे चालू ठेवायचा.

आता त्या उरलेल्यांतल्या काही पेशी औषधाला दाद न देणाऱ्या असतात. समजा दहा लाखांत एक पेशी 'अ' औषधाला पुरून उरते आणि दहा लाखांत एक 'ब' औषधाला. दोन्ही एकदम दिली, तर दोघांनाही पुरून उरणारी पेशी दहा लाख गुणिले दहा लाखांत एक. पण आधी 'अ' आणि ते हरल्यावर 'ब' असं दिलं, तर हा गुणाकार मिळत नाही. ऑफिसात आपण एका सर्व्हरवर भरवसा ठेवत नाही, त्यातलाच हिशोब. आणि हे शहाणपण टीबीच्या डॉक्टरांना आधीच आलं होतं. एकट्या स्ट्रेप्टोमायसिनने टीबी उलटतो हे त्यांनी पाहिलेलं होतं.

वॉशिंग्टनजवळ बेथेस्डाच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेत एमिल फ्राय आणि एमिल फ्रायराइक (होय, दोघे एमिल) यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला चार औषधं एकत्र दिली. त्यातलं एक व्हिन्क्रिस्टीन. ते कशापासून निघतं माहीत आहे? सदाफुलीपासून. आपल्या सोसायटीच्या गेटपाशी पाणी न घालताही फुलणारी ती गुलाबी सदाफुली! ढीगभर पानांतून चिमूटभर औषध. चारही औषधं विषारी, पण त्यांचे त्रास वेगवेगळे, म्हणून प्रत्येक जवळजवळ पूर्ण मात्रेत देता येत होतं. तेव्हाच्या अनेक डॉक्टरांना हे क्रौर्य वाटायचं. मरणाऱ्या पोराला शांतपणे जाऊ द्या, असं त्यांचं म्हणणं. त्यांना खलनायक ठरवायला माझी जीभ रेटत नाही. मी तिथे असतो तर बहुधा त्यांच्याच बाजूला उभा असतो.

औषधांआधी ही मुलं रक्तस्रावाने दगावत होती. फ्रायराइकने ताज्या प्लेटलेट्स देऊन तो थांबवला. पण त्या पुरेशा मिळवायच्या कुठून? इथे आपला एक जातभाई येतो. जॉर्ज जडसन, आयबीएममधला इंजिनीयर. त्याच्या मुलाला ल्युकेमिया झाला आणि हा पठ्ठ्या फ्रायराइककडे जाऊन रक्त सतत फिरवून पेशी वेगळ्या करणारं यंत्र बनवायला बसला. आयबीएमने पाठबळ दिलं, १९६० च्या दशकाच्या मध्यात यंत्र उभं राहिलं. परळला ज्या खुर्चीत मी पडलो होतो तिच्या शेजारचं यंत्र त्याच घराण्यातलं. हे कळल्यावर वाचन बाजूला ठेवून थोडा वेळ नुसता बसून होतो.

चार औषधांनीही एक चोरवाट मोकळी राहिली होती: मेंदू. बहुतेक औषधं रक्तातून मेंदूच्या आवरणात शिरत नाहीत, आणि आजार तिथे दबा धरून बसायचा. १९६२ मध्ये मेम्फिसला सेंट ज्यूड हॉस्पिटल सुरू झालं. तिथल्या डॉनल्ड पिंकेलने 'टोटल थेरपी' मांडली: आधी जोरदार मारा, मग डोक्याला किरणं आणि पाठीच्या कण्यातून औषध, मग दोन-तीन वर्षं चिवटपणे गोळ्या. १९६७-६८ च्या पाचव्या अभ्यासातली जवळपास निम्मी मुलं कायमची बरी झाली. आज श्रीमंत देशांत मुलांमधला लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया नव्वद टक्क्यांच्या आसपास बरा होतो.

पण... वर्षाच्या आतली बाळं या यशात नव्हती. त्यांचा आजार नावाने तोच, जातीने वेगळा. बहुतेकांत अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाची (पूर्वीचं नाव एमएलएल, आताचं केएमटी२ए) मोडतोड झालेली असते, आणि ती आईच्या पोटातच होते. १९९३ मध्ये एकसारख्या जुळ्यांच्या अभ्यासातून हे सिद्ध झालं: एका गर्भात बिघडलेल्या पेशी सामाईक वारेतून दुसऱ्यात गेल्या होत्या. हे वाचल्यावर मी मित्राला मुद्दाम फोन केला. त्याची बायको महिनाभर 'मी गरोदरपणात काय चुकीचं खाल्लं' हेच घोकत होती.

या पेशी स्टेरॉइडला फारशा दबत नाहीत, पण सायटाराबिनला दबतात. म्हणून १९९९ मध्ये अनेक देशांनी मिळून 'इंटरफँट-९९' सुरू केलं: दोन वेगळ्या जातींच्या ल्युकेमियाची औषधं एकत्र. बाळं मुळातच थोडी, एकट्या देशाच्या हिशोबाने काही सिद्ध होत नाही. डोक्याला किरणं देणं टाळलं, कारण मेंदू अजून वाढतोय. मात्रा वयाप्रमाणे कमी केली, तरी जंतुसंसर्गाने बाळं दगावायची. ४८२ बाळांपैकी चार वर्षांनंतर ४७ टक्के आजाराशिवाय जिवंत होती. पुढचा 'इंटरफँट-०६' आणखी मोठा, ६५१ बाळांचा. आकडा हलला नाही. जनुक मोडलेल्यांत तर सहा वर्षांनी सुमारे ३६ टक्केच. विषाची मात्रा वाढवायला आता जागाच उरली नव्हती.

मग २०२३ मध्ये नेदरलँड्समधून नेतृत्व झालेला एक छोटा अभ्यास आला. फक्त ३० बाळं. नेहमीच्या औषधांत ब्लिनाटुमोमॅबचा एक महिन्याचा कोर्स मिसळला, २८ दिवस सतत थेंब थेंब. हे विष नाहीच मुळी. एका हाताने ल्युकेमियाची पेशी धरायची, दुसऱ्या हाताने आपलीच टी-पेशी, आणि दोघांची गाठ घालून द्यायची. दोन वर्षांनंतर आजाराशिवाय जिवंत: ८१.६ टक्के. आधीच्या पद्धतीत ४९.४. तीस म्हणजे फार थोडी बाळं, तुलनाही जुन्या आकड्यांशी, हे मान्य. तरी हा आकडा मी तीनदा वाचला. औषध भयंकर महाग आहे. मित्राची त्यासाठी जमवाजमव चालू आहे, आमची टीमही त्यात आहे.

काल संध्याकाळी पुन्हा गेलो. मुलीच्या प्लेटलेट्स जरा वर आल्यात, ताप उतरलाय. आजीला गुणाकाराचं गणित सांगायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग म्हटलं, "आजी, पोरीच्या औषधांतलं एक सदाफुलीचं आहे." ती माझ्याकडे बघतच राहिली. "आमच्या परसात रान माजलंय त्याचं," म्हणाली, "शेळीसुद्धा तोंड लावत न्हाई त्याला."