खुडूक न बसणारा पक्षी: लाव्याची अंडी का नासतात, याचा इतिहास

१/१५
मागील आषाढात कांजूरमार्गच्या आमच्या इमारतीत एका मित्राने थर्माकोलच्या पेटीत बल्ब आणि छोटा पंखा बसवून जपानी लाव्याची २४ अंडी उबवावयास ठेवली. अठराव्या दिवसापर्यंत ६ पिल्ले बाहेर आली. उरलेली १८ अंडी आम्ही एकेक करून फोडून पाहिली. ७ अंड्यांत जीव धरलाच नव्हता किंवा आरंभीच विझला होता. ३ अंडी नासून दुर्गंधी सोडत होती. आणि ८ अंड्यांत पूर्ण वाढलेले पिल्लू ओलेचिंब मरून पडले होते. #इतिहास #धागा

२/१५
"पेटी स्वस्तातली होती," असे मित्राचे म्हणणे. मला ते पटले नाही. गावाकडे टोपलीत गवत घालून बसवलेली कोंबडी ना तापमापक पाहते ना आर्द्रता मोजते. तरी तिची बहुतेक अंडी फुटतात. मग हे मोजमाप माणसाच्या अंगावर आले केव्हा, आणि का? या ८, ७ आणि ३ अंड्यांचे उत्तर शोधताना मी थेट जपानपर्यंत आणि इजिप्तपर्यंत पोहोचलो. तोच प्रवास येथे मांडत आहे.

३/१५
लावा आपल्याला अनोळखी नाही. ऋग्वेदात अश्विनीकुमार लांडग्याच्या जबड्यातून 'वर्तिका' सोडवतात. ही वर्तिका म्हणजे लाव्याच्याच कुळातील पक्षीण, असे अभ्यासक मानतात. चरकसंहिता पक्ष्यांच्या मांसात लाव्याचे मांस सर्वांत हितकर ठरवते. जातककथांत पारध्याचे जाळे एकजुटीने उचलून नेणारे लावे भेटतात. मात्र या कथांतला लावा रानातला आहे, जाळ्यातला आहे किंवा ताटातला आहे. घरी उबवलेला लावा त्यांत नाही.

४/१५
महाराष्ट्रातही तेच. फासेपारधी या जमातीचे नावच मुळी पक्षी धरण्याच्या फाशांवरून आले. आपल्या माळरानांवरचा पावशी लावा पावसाळ्यात गवताच्या आडोशाला जमिनीवरच घरटे करतो आणि मादी स्वतः अंडी उबवते. माणसाने त्यात हात घालण्याचे कारणच नव्हते. आता तर तो हात घालणे गुन्हा आहे: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातल्या लाव्यांना संरक्षण दिले आहे.

५/१५
बाजारात दिसणारी ठिपक्यांची अंडी मात्र जपानी लाव्याची. जपानात हा पक्षी आधी त्याच्या आवाजासाठी पाळला गेला. एदो काळात सामुराईंमध्ये लाव्यांच्या गायनाच्या स्पर्धा भरत. विसाव्या शतकाच्या आरंभी पालकांचे लक्ष गाण्यावरून अंड्यांकडे वळले आणि अधिक अंडी देणाऱ्या माद्या निवडण्यास सुरुवात झाली. दुसऱ्या महायुद्धात हे पाळीव वाण जवळजवळ नष्ट झाले. युद्धानंतर उरल्यासुरल्या पक्ष्यांपासून ते पुन्हा उभे करण्यात आले.

६/१५
या निवडीत एक गोष्ट हरवली. कोंबडी खुडूक बसली की अंडी देणे थांबवते, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक असते. ज्याला अंडीच हवी आहेत, त्याला खुडूक बसणारी मादी नकोशी होते. पिढ्यान्‌पिढ्या न बसणाऱ्या माद्याच राखल्या गेल्या. परिणामी आजची पाळीव जपानी लावी वर्षाला अडीचशेच्या पुढे अंडी देऊ शकते, पण ती क्वचितच उबवते. आईचे काम आपणच तिच्याकडून काढून घेतले. ते आता आपल्याला करावे लागते.

७/१५
भारतात हा पक्षी १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातून बरेलीजवळच्या इज्जतनगर येथे आणला गेला. तेथेच १९७९ मध्ये केंद्रीय पक्षी संशोधन संस्था स्थापन झाली आणि तिने आपल्या हवामानासाठी वाण विकसित केले. म्हणजे आपल्याकडे हा पाळीव पक्षी जेमतेम अर्ध्या शतकाचा. कोंबडीबद्दल घराघरांत जे शहाणपण साठले आहे, ते लाव्याबद्दल साठण्यास वेळच मिळालेला नाही. शिवाय अंडे अवघे १० ग्रॅमचे आणि नाजूक कवचाचे. गावठी कोंबडीखाली ठेवले तर तिच्या वजनाने फुटण्याची भीती.

८/१५
आईविना अंडी उबवण्याची विद्या मात्र फार जुनी. इसवीसनपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने नोंदवले आहे की इजिप्तमध्ये अंडी शेणाच्या ढिगात पुरून उबवतात. पुढे तेथे विटामातीच्या मोठ्या भट्ट्या उभ्या राहिल्या. तापमापक नव्हता; कारागीर अंडे पापणीला लावून ऊब जोखत आणि अंडी वारंवार फिरवत. हे फिरवणे आईही करते. अंडे एकाच कुशीवर राहिले तर गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो. लाव्याची अंडी चौदाव्या दिवसापर्यंत दिवसातून किमान तीन वेळा फिरवावीत, ती याचसाठी.

९/१५
सतराव्या शतकाच्या आरंभी डच संशोधक कॉर्नेलिस ड्रेबेल याने ऊब आपोआप स्थिर राखणारी उबवणी-पेटी रचली. स्वयंचलित तापमान-नियंत्रणाच्या सर्वांत जुन्या उदाहरणांत तिची गणना होते. आज पंखा असलेल्या पेटीत ३७.५ अंश सेल्सियस हे लाव्यासाठी योग्य तापमान मानले जाते. मित्राच्या पेटीत ते बरोबर होते. तरीही ८ पिल्ले कवचातच मेली. म्हणजे दोष उबेत नव्हता.

१०/१५
येथे फ्रान्सचा रेओम्यूर भेटतो. १७४९ मध्ये त्याने कृत्रिम उबवणीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. इजिप्तच्या भट्ट्यांचे रहस्य पॅरिसमध्ये उतरवण्यासाठी त्याने उष्ण शेणखतात पिंपे पुरून त्यांत अंडी ठेवली. ऊब नेमकी मिळाली, तरी गर्भ मरू लागले. खताची दमट वाफ अंड्यांपर्यंत पोहोचत होती. ती अडवल्याशिवाय पिल्ले निघणार नाहीत, हे त्याला उमगले. पॅरिसच्या त्या पिंपात जी वाफ होती, तिची जागा कांजूरमार्गला आषाढ घेतो.

११/१५
कारण असे: अंडे कवचाच्या छिद्रांतून श्वास घेते आणि पाणी सोडते. पाणी उडाले की बोथट टोकाकडचा वायुकोश मोठा होतो. पिल्लू पहिला श्वास तेथेच घेते. हवा अति दमट असेल तर वायुकोश लहान राहतो आणि पिल्लू कवचातल्या कवचात गुदमरते. मुंबईच्या पावसाळ्यात बाहेर २९ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा ३७.५ अंशांपर्यंत तापवल्यावर तिची आर्द्रता ५० टक्क्यांहून थोडी अधिक भरते. पाण्याचा थेंबही न घालता! मित्राने पहिल्या दिवसापासून पाण्याची वाटी भरून ठेवली होती.

१२/१५
जानेवारीच्या पहाटे हेच गणित उलटते: बाहेर २० अंश आणि ६० टक्के असेल, तर पेटीत २५ टक्क्यांहूनही कमी. तेव्हा वाटी हवीच. म्हणून "पाणी घाला" किंवा "घालू नका" असा बारमाही नियम नाही. खात्रीची कसोटी वजन. पंधराव्या दिवसापर्यंत अंड्यांचे वजन सुमारे १० ते १२ टक्के घटावे. २० अंडी २०० ग्रॅम भरली असतील तर २० ते २४ ग्रॅम. शेवटच्या तीन दिवसांत मात्र पापुद्रा सुकू नये म्हणून आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यावी, अंडी फिरवणे थांबवावे, झाकण उघडू नये आणि हवेची भोके बुजवू नयेत.

१३/१५
आता ती ७ अंडी. यांतील काही निर्बीज असणार. दुकानातली पाकीटबंद अंडी बहुधा नराविना ठेवलेल्या माद्यांचीच असतात. उरलेल्यांचा दोष साठवणीत. सुमारे २० ते २१ अंशांखाली गर्भ झोपून राहतो, त्यावर तो अर्धवट वाढू लागतो आणि दुबळा होऊन मरतो. रानातली मादी रोज एक अंडे घालते, पण घरटे भरल्यावरच उबवण्यास बसते, म्हणून सर्व पिल्ले बरोबरीने निघतात. मित्राने दहा दिवस अंडी ओट्यावर जमवली; मुंबईच्या स्वयंपाकघराच्या ३० अंशांत ती केव्हाच जागी झाली होती. १५ ते १८ अंशांची जागा असेल तर सात दिवस ठेवावीत. नसेल तर जमवूच नयेत, ताजी आणून लगेच लावावीत.

१४/१५
राहिली ३ नासलेली. ती फ्रिजमधली होती. गार अंडे दमट हवेत आले की त्याला घाम सुटतो. ओल्या कवचावरून जिवाणू छिद्रांतून आत शिरतात आणि ३७ अंशांत त्यांचीही भरभराट होते. गार पाण्याने धुतलेल्या अंड्याचे हेच होते. मळकी अंडी लावू नयेत. थोडी घाण कोरडीच पुसावी. आठव्या दिवशी अंधारात विजेरीवर अंडी पाहावीत. ठिपक्यांमुळे लाव्याचे अंडे नीट दिसत नाही, पण पारदर्शक राहिलेले ओळखू येते. पाझरणारे वा वास येणारे अंडे त्वरित बाहेर काढावे; ते फुटले तर शेजारची अंडीही जातात.

१५/१५
मार्च १९९० मध्ये सोव्हिएत संघाच्या मीर अंतराळस्थानकावर जपानी लाव्याचे पिल्लू अंड्यातून बाहेर आले. ऊब, दमटपणा, वारा सारे काही यंत्राने पुरवले होते. पण वजनरहित अवस्थेत पिल्लांना पाय रोवून उभे राहता येईना. आईने करावयाच्या कामांची यादी आपण समजतो त्याहून नेहमीच लांब निघते.
यंदा श्रावणात मित्राने पुन्हा २४ अंडी लावली: ताजी, फ्रिजबाहेरची, पंधराव्या दिवसापर्यंत कोरड्या वाटीची. १५ पिल्ले निघाली. उरलेल्या ९ अंड्यांचा शोध चालू आहे. तुमच्या आजीकडे कोंबडी बसवण्याची काही रीत असेल तर खाली अवश्य लिहा. असे ज्ञान ग्रंथांत क्वचितच उतरते.